मोकळ्या हाताच्या सुईणीची कहाणी

ऐका सटवाई माते, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथं एक कासार होता. घरात सासू-सासरे, चिमा नावाची बायको. बांगड्यांचा खळखळाट, पण पाळणा रिकामा. चिमाचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं. पुढं तिला पुन्हा दिवस गेले. मग ती सटवाईच्या देवळात जाऊन रडू लागली. तिथं एक म्हातारी होती.

“बाई बाई, का रडतेस?”

“आजी, मागं सुईण चुकली. आता कुणाला बोलावू?”

“तुला वसा सांगते. उतशील, मातशील, टाकून देशील.”

“उतत नाही, मातत नाही, टाकून देत नाही.”

“तर शुक्रवारी दाराशी ऊन पाणी न् शिकेकाई ठेव. तोंडानं काही सांगू नको. आपणहून हात धुईल ती सुईण तुझी.”

पहिल्या शुक्रवारी सोन्याच्या पाटल्यांची सुईण आली. “माझ्या पायांसाठी ठेवलंत वाटतं!” म्हणाली, पाय धुतले, विडा खाल्ला, गेली.

दुसऱ्या शुक्रवारी कोपरापर्यंत चुड्याची आली. पाण्याकडं बघितलं नाही. तसाच पोटावर हात ठेवला. “मुलगाच गं!” म्हणाली, खण घेतला, गेली.

तिसऱ्या शुक्रवारी ठकू सुईण आली. मनगटं मोकळी. सासू उंबऱ्यातच आडवी आली. “अगं बाई! कासाराच्या दारी मोकळे हात?”

ठकू हसली. “बांगड्या पदराच्या गाठीला आहेत, काकी. काच पोटाला टोचते, बाळाला ओरखडते.” मग कोपरापर्यंत हात धुतले. मग चिमाजवळ बसली. “मागल्या वेळी काय झालं, सगळं सांग, बाई.”

“जुनं कशाला उगाळायचं?” सासू म्हणाली.

“जुनं कळलं तर नवं राखता येतं.”

आजवर कुणी विचारलं नव्हतं. चिमानं सांगितलं, बाळ आडवं होतं, दोन दिवस सुईण नुसती ‘होईल, होईल’ म्हणत राहिली.

मग ठकू दर महिन्याला येई, हात धुई, पोट चाचपी. नवव्या महिन्यात म्हणाली, “हेही बाळ आडवं आहे. शेजारगावच्या वैदीणबाईला आजच आणा.”

“मग तू गं कशाला?”

“कधी हाक मारायची ते कळायला, काकी.”

वैदीणबाई आली, कळांआधी आली. दोघींनी मिळून बाळ फिरवलं. आठव्या दिवशी चिमा सुखानं बाळंत झाली. मुलगी झाली, रडून घर दणाणून सोडलं.

पाचवीला सासूनं हिरवा चुडा काढला, ठकूला जवळ बसवून स्वतः भरला. मग बाळाकडं वळली. उंबऱ्याशी थबकली. आपल्या बांगड्या एकेक उतरवल्या, पदरात बांधल्या, कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग नातीला उचललं.

सटवाई माते, चिमाला जशी सुईण भेटली, तशी गावोगावच्या लेकीसुनांना भेटो. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी, भरल्या पाळण्याशी सुफळ संपूर्ण.