महाराजांची एका दिवसाची सहल

"एका दिवसात समुद्र! सकाळी निघायचं, लाटांत पाय बुडवायचे आणि दिवस संपायच्या आत परत! जमत नसेल तर भोई आळी रिकामी करा!"

खडकपूरच्या पद्मसेन महाराजांनी भर दरबारात हे फर्मावलं आणि पालखी उचलणाऱ्या बारा भोयांच्या तोंडचं पाणी पळालं. समुद्र चार दिवसांच्या वाटेवर. म्हणजे जायला चार, यायला चार! पण पाहुणा आलेला एक राजा पंगतीत म्हणून गेला होता, "समुद्र नाही पाहिलात? मग पाहिलंत तरी काय!" तेव्हापासून महाराजांना घास गोड लागत नव्हता. घास घेणं मात्र थांबलं नव्हतं.

प्रधानजी चाचरत म्हणाले, "महाराज, सहल तुमच्या वाढदिवशी. मग वाढदिवसाची सुट्टीच आठ दिवसांची केली तर..."

"आठ दिवस? सुट्टी एकच दिवस! लोक आळशी होतील!"

असं म्हणाले कोण, तर सूर्य डोक्यावर आल्याशिवाय ज्यांची कूस बदलत नसे ते महाराज!

"मग वाड्यामागच्या तळ्यात मीठ टाकू," प्रधानजी म्हणाले.

"आणि लाटा?"

"चाळीस म्हशी सोडू!"

"मी काय म्हशींबरोबर डुंबायला जन्मलो? समुद्र म्हणजे समुद्र!"

आता महाराजांच्या दोन कायद्यांविषयी सांगायला हवं. एकदा सारीपाटात हरता हरता अंधार पडला, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, की वाड्यावरचा नगारा त्यांच्या हुकमानं वाजेपर्यंत खडकपुरातला दिवस संपत नाही. सूर्याला काय करायचं ते करू दे! दुसरा कायदा मुदपाकखान्याचा. दिवसाला पंगती दोनच, तिसरी नाही, अगदी महाराजांनाही नाही. दोन्ही कायदे ताम्रपटावर कोरलेले होते आणि महाराज येईल त्याला ते वाचून दाखवत.

भोयांचा म्होरक्या सटवा घरी आला तो पागोटं हातात घेऊन. "सामान बांध, सगुणा. आळी गेली आपली."

सगुणा समुद्रकाठची. लग्न होऊन खडकपुरात आली त्याला सात वर्षं झाली आणि तेव्हापासून तिनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. मोठ्या कष्टानं मांडलेलं हे घरही आता जाणार म्हटल्यावर तिला रडू आलं. मग राग आला. राग आल्यावर डोकं चालू लागलं आणि ती तडक दरबारात गेली.

"महाराज, एका दिवसात नेऊन आणते! फक्त तुमचे कायदे तुम्ही पाळायचे, आणि वाड्यावरचा नगारा माझ्या ताब्यात द्यायचा."

"माझे कायदे मीच मोडीन होय? घेऊन जा नगारा!"

वाढदिवशी पुरणपोळीची पहिली पंगत उठली आणि पालखी हलली. मागून बैलावर नगारा, नगाऱ्याशेजारी सगुणा. वाटेत दुसरी पंगत झाली. महाराज पालखीतच घोरू लागले.

जाग आली तेव्हा लख्ख ऊन होतं.

"पंगत मांडा!"

"पंगती दोन झाल्या, महाराज," सगुणा म्हणाली.

"अगं, त्या काल झाल्या!"

"काल? नगारा कुठे वाजला? तुम्ही दुपारी जरा आडवे झालात, झोप अंमळ लांबली, इतकंच."

महाराजांचा आ वासला. "मग वाजव तो नगारा!"

"वाजवते की! पण मग दिवस संपेल. आणि तो भोयांच्या पायांनी नाही, तुमच्या तोंडच्या हुकमानं संपेल. समुद्र राहिला तर तो दोष भोयांचा नाही, आळी रिकामी करता येणार नाही."

महाराजांना समुद्र सोडवेना. पोटात कावळे ओरडत होते. समोर पाहतात तर भोई खुशाल चटणी-भाकरी खाताहेत!

"आणि हे काय?"

"ही पंगत नव्हे, महाराज. चालता चालता खाल्लेलं कुणी पंगतीत धरत नाही."

महाराजांनी पालखीकडे पाहिलं. भाकरीकडे पाहिलं. आणि राजेसाहेब टुणकन खाली उतरले! कांदा फोडला, भाकरी हातावर घेतली आणि निघाले पायी. मग ते भूक लागली की चालत आणि त्यांना भूक सारखीच लागे. रिकामी पालखी घेऊन भोई गाणी म्हणत घाट उतरले.

समुद्र दिसला तेव्हा महाराज लहान मुलासारखे धावत सुटले. पहिल्याच लाटेनं त्यांचं पागोटं नेलं, तरी हसत होते. तेवढ्यात सगुणा जवळच्या वाडीत पळाली. आई दारातच भेटली. दोघी नुसत्या रडल्या. बोलायच्या आत परत निघायची हाक आली.

आठव्या सूर्याला पालखी खडकपूरच्या वेशीत शिरली. महाराज पायीच होते, निम्मे झालेले. त्यांनी स्वतःच्या हातानं नगारा बडवला. "संपला दिवस! भोई जिंकले!"

तोच प्रधानजी धापा टाकत आले. "महाराज, घात झाला! आठ सूर्य उगवले, पण एक माणूस कामाला हात लावेना! विचारलं तर म्हणतात, 'नगारा कुठे वाजला? आज महाराजांचा वाढदिवस, सुट्टी आहे!'"

महाराजांनी नगाऱ्याची टिपरी खाली ठेवली. मग असे हसले, असे हसले, की सटव्याला त्यांना धरून पालखीत बसवावं लागलं.

"सगुणा, भोई आळी पिढ्यान्‌पिढ्या तुमची! आणखी माग!"

"आईकडे जायचंय, महाराज. तिच्याशी बोलायचं राहिलं."

"माझी पालखी घेऊन जा! पण किती दिवस राहशील?"

"एकच दिवस," सगुणा म्हणाली. "नगारा तेवढा बरोबर द्या!"

महाराज पुन्हा हसत सुटले आणि हसता हसताच त्यांनी नगारा बैलावर चढवायला सांगितलं.