पट्टीवरचे दात

उतारावरच्या राज्यात गवत पुष्कळ होते, पाणी बेताचे होते आणि घंटा सगळ्या खिंडीपलीकडून येत. उतारावरची जनावरे हंबरून, ओरडून, खिंकाळून आपापसांत भागवत. खिंडीपलीकडची जनावरे मात्र घंटांनी बोलत. त्यांचे न्यायनिवाडे घंटांवर, पाहुणचार घंटांवर, आणि खिंडीच्या तोंडाशी पहारा देणारे गवे तर घंटेखेरीज दुसरे काही ऐकूनच घेत नसत.

वर्षातून एकदा पलीकडचे उंट घंटा घेऊन येत आणि त्यांच्या बदल्यात गवताचे भारे नेत. प्रत्येक घंटेला चामड्याची पट्टी बांधलेली असे आणि तिच्यावर त्या घंटेचा अर्थ डागलेला असे. ‘या’, ‘जा’, ‘थांबा’ असल्या ढोबळ घंटा सगळ्यांनाच ठाऊक होत्या. खरी नवलाई बारीक घंटांची. एकीचा अर्थ होता, ‘दमलो आहे, पण थांबणार नाही.’ दुसरीचा, ‘रागावलो नाही, दुखावलो आहे.’ असे आवाज उतारावर कुणाच्याच गळ्यात नव्हते. पट्टी वाचल्यावर कित्येकांना पहिल्यांदा उमगले की आपल्याला इतकी वर्षे नेमके हेच सांगायचे होते. त्या घंटा घडवणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

उतारावर मग घंटांचे वेड पसरले. माळेचा दिवस म्हणून एक सणच सुरू झाला. त्या दिवशी सगळे आपापल्या घंटांची माळ गळ्यात घालून येत आणि एकेका पट्टीचा अर्थ तोंडपाठ म्हणून दाखवत. ज्याची माळ मोठी तो मिरवणुकीत पुढे. वाजवल्याने घंटा झिजते, तिची चकाकी जाते, म्हणून शहाणी जनावरे प्रत्येक घंटेत मेंढीच्या लोकरीचा बोळा कोंबून ठेवत. मिरवणूक निघे ती अगदी मुक्याने.

सलग सात वर्षे पुढे चालण्याचा मान पवळ्या बैलाचा होता. त्याच्या माळेत तीनशे बारा घंटा होत्या, पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या आणि एकही अर्थ तो कधी चुकला नव्हता. पाठांतराला त्याच्या तोड नव्हती, हे त्याच्या शत्रूनेही कबूल करावे.

त्याच उतारावर कवडी नावाची एक गाढवीण आपल्या आंधळ्या आईबरोबर राहत होती. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून ते नाव. तिच्याजवळ चाळीसच घंटा होत्या, त्याही उंटांच्या ओझ्यातून वाटेत पडलेल्या, कुठे पोचे आलेल्या. तिची रीत निराळी होती. ती एका वेळी एकच घंटा गळ्यात घाली, तीही बोळा न कोंबता, आणि आईला मागे घेऊन चरायला निघे. पट्टीवर लिहिलेला प्रसंग खरोखर समोर येईपर्यंत ती घंटा वाजवत नसे. पायाखालचा दगड निसटला की ‘वाट निसरडी आहे’ ही घंटा वाजे. चुकून आईच्या खुरावर पाय पडला की ‘चूक माझी, अपमानाचा हेतू नव्हता’ ही वाजे. संध्याकाळी घंटा फांदीवर अडकवताना ती तिच्या पट्टीवर दाताची एक खूण करी. जितक्यांदा खरी वाजली तितक्या खुणा. प्रसंग आला नाही, तर दुसऱ्या दिवशी तीच घंटा पुन्हा गळ्यात.

एका घंटेचा प्रसंग मात्र येता येईना. तिच्या पट्टीवर होते, ‘गरजेला आलो आहे, लाज सोडून नाही.’ कवडीने ती आख्खा हिवाळा वागवली आणि न वाजवताच उतरवून ठेवली.

“गाढवाला गुळाची चव काय!” गाई एकमेकींना म्हणत. “चांगल्या पट्ट्या चावून खाते मेली.”

आईही सुरुवातीला कुरकुरली. “कवडे, कशाला गं उगाच किणकिण करतेस? माझं डोकं उठतं.”

“उगाच नाही, आई. पुढं शेवाळ आहे. ही वाजली की पाय जपून टाकायचा.”

“मग तसं तोंडानं सांग की.”

“तोंडानं सांगेपर्यंत तू घसरशील.”

पुढे म्हातारीचे कान इतके तयार झाले की ती डोळसांपेक्षा नीट चालू लागली. पण हे कुणी पाहिले नाही, कारण मिरवणुकीत त्या दोघी सर्वांत शेवटी असत.

मग एका उन्हाळ्यात उतारावरचा झरा आटला. एक दिवस ओल चाटून निघाला, दुसरा तसाच गेला. तिसऱ्या दिवशी वासरे उभी राहीनात आणि कवडीच्या आईची जीभ कोरडी पडून बाहेर आली. खिंडीपलीकडे मोठे तळे होते. गव्यांना सांगून वाट मिळवायची, एवढेच आता उरले होते, आणि ते काम पवळ्याखेरीज कोण करणार? तीनशे बारा घंटांची माळ घालून पवळ्या पुढे झाला आणि सगळा उतार त्याच्यामागे निघाला.

खिंडीशी आल्यावर पवळ्याने विचार केला, की एवढ्या मोठ्या कामाला घंटाही तशीच भारदस्त हवी. त्याने सर्वांत जड, सर्वांत दुर्मीळ घंटा निवडली. पट्टीवर होते, ‘थोर कुणी वाटेवर आहे.’ आपण थोर आहोत आणि वाटेवर आहोत, याबद्दल त्याला शंका नव्हती. एका शेळीने बोळा ओढून काढला. पवळ्याने मान हलवली. आवाज खोल आणि सुरेख होता.

गव्यांनी तत्काळ माना खाली घातल्या. ते दोन रांगांत उभे राहिले. पवळ्याची छाती फुगली. मग सर्वांत म्हातारा गवा हळूहळू पुढे आला आणि पवळ्याच्या मागे कुणाला तरी शोधू लागला. शोधून झाल्यावर त्याने खूण केली, आणि सगळे गवे खिंडीत आडवे बसले. वाट बंद झाली.

“हे काय झालं?” पवळ्याने विचारले.

“ही घंटा मेलेल्यासाठी वाजवतात,” मागून कवडी म्हणाली. “थोर कुणी गेला, त्याला घेऊन येत आहोत, असा तिचा अर्थ. मागं त्यांचा एक म्हातारा उंट आपल्याकडं दगावला, त्याला परत नेताना मी ऐकली होती. आता ते प्रेताची वाट बघतायत. प्रेत पुढं जाईपर्यंत कुणालाच जाऊ द्यायचे नाहीत.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“मला विचारलं कुणी?”

पवळ्याने बाजूला सरून तिला वाट दिली. इतक्या मोठ्या माळेच्या धन्याने हे करावे, हेही सोपे नव्हते.

कवडीने आईकडे पाहिले. म्हातारी एका दगडाला टेकून पडली होती. कवडीने पाठीवर घेतलेल्या आपल्या चाळीस घंटांतून आधी ‘चूक माझी, अपमानाचा हेतू नव्हता’ ही घंटा घेतली. तिच्या पट्टीवर सतरा खुणा होत्या. घंटा वाजताच गव्यांनी माना वर केल्या, आणि एकदोघे उठून उभे राहिले.

मग तिने ती दुसरी घंटा काढली, हिवाळाभर मुकी राहिलेली. तिच्या पट्टीवर एकही खूण नव्हती. कवडीची मान ताठ होती. तिने ती एकदाच वाजवली.

मग म्हाताऱ्या गव्याने आपल्या गळ्यातली एक घंटा वाजवली. तो आवाज कवडीने कधीच ऐकला नव्हता. आता ही काहीतरी ठोकून देणार, असे मागच्या कळपाला वाटले. कवडीने शांतपणे ‘कळले नाही, पुन्हा सांगा’ ही घंटा वाजवली. तिच्या पट्टीवर तर खुणांना जागाच उरली नव्हती. गव्याने ती घंटा पुन्हा वाजवली, आणि या वेळी वाजवता वाजवता तो बाजूला झाला. बाकीचे गवेही सरकले. त्यांच्या पलीकडे, खाली, तळे चमकत होते.

उतरण अवघड होती. तळ्याकडे झिरपणाऱ्या पाण्याने दगड शेवाळले होते. पवळ्याने खिंडीतच माळ उतरवून ठेवली. तीनशे बारांतली एक छोटी घंटा त्याने स्वतः निवडली, लोकरीचा बोळा जिभेने कसाबसा बाहेर काढला आणि तेवढीच गळ्यात घालून तो सर्वांच्या पुढे चालू लागला. मिरवणुकीत पुढे चालायची त्याला सवय होती, पण आज तो पावलागणिक खाली बघत होता. त्याच्यामागे कवडीची आंधळी आई होती आणि आईला खांदा देत कवडी.

अर्ध्या उतरणीवर पवळ्याचा खूर सटकला. तो सावरला आणि त्याने मान हलवली. घंटा अवघडल्यासारखी, जरा उशिराच वाजली, पण वाजली.

मागे म्हातारी जागच्या जागी थांबली. तिने पुढचा खूर उचलून दगड चाचपला, शेवाळ ओळखले आणि वळसा घालून ती सुखरूप खाली उतरली. पाण्याचा वास येताच तिने तोंड खाली घातले.

आई पाणी पिऊ लागली, तशी कवडी पवळ्याजवळ गेली. तिने त्याच्या गळ्यातली कोरी करकरीत पट्टी तोंडात धरली आणि तिच्यावर दाताची एक खूण केली.