राणीची नथ आणि भाकस मासा

एकदा काय झालं, एका राणीची नथ समुद्रात पडली. होडीतून वाकून पाण्यात आपलं रूप बघत होती, दुसरं काय! पण ते राजाला सांगणार कोण? मग राजा म्हणाला, नथ नावाड्यानंच चोरली. भरतीच्या आत परत दिली नाही, तर हाकला त्याला राज्याबाहेर.

नावाडी होता जोमा. लग्नाला पंधराच दिवस झालेले, बरं का. शिपायांनी त्याला किनाऱ्यावरच्या माडाला बांधलं.

त्याची बायको हौसा. बोलायची कमी, पण बघायची सगळं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नुसती बघत काय उभी राहतेस? जा, समुद्राला तरी विचार!"

त्या रागानं बोलल्या होत्या. हौसा खरंच गेली.

ओहोटी होती. ती गुडघाभर पाण्यात शिरली. आधी भेटला पाणकावळा. "मी फक्त मासे बघतो," म्हणाला आणि उडाला. मग भेटला खेकडा. "मला घाई आहे," म्हणाला आणि आडवा निघून गेला. मग पायाखालची वाळूच बोलली, "सूनबाई, माझ्या शेपटीवर उभी आहेस!"

वाळू नव्हतीच ती. पाटाएवढा चपटा भाकस मासा होता. रंग हुबेहूब वाळूचा. आणि डोळे? दोन्ही वरच्याच बाजूला!

"चुकले, दादा. राणीची नथ दिसली का?"

"दिसली म्हणजे? वरून जातं ते सगळं मला दिसतं. लहानपणी माझा एकेक डोळा एकेका गालावर होता. मग पलीकडचा चालत चालत डोक्यावरून इकडे आला. आता दोघं मिळून वर बघतात. नथ चमकत आली. कोळंबी समजून मी झेप घेतली. हुकली. परत येऊन पडलो. मग काही ती दिसली नाही."

"आणि खाली कोण बघतं?"

"खाली बघण्यासारखं असतं काय?"

हौसानं त्याच्या पोटाखालच्या वाळूकडे बघितलं. तेवढ्यात किनाऱ्यावरून शिपाई ओरडले, "पाणी चढायला लागलं!"

"दादा, जरा उठता का?"

"आत्ता कुठे अंगावर वाळू नीट बसलीय!"

"मी घालते की पुन्हा. दिराला पांघरूण घालतात तशी."

भाकस कुरकुरत उठला. त्याचं पोट पांढरं शुभ्र, आणि पोटावर नथीचा वळ! खाली वाळूत नथ. हौसानं ती उचलली, भाकसावर घाईघाईत दोन ओंजळी वाळू घातली आणि धावत सुटली.

किनाऱ्यावर राजानं ती ओली, वाळूनं माखलेली नथ बघितली. मग त्यानं राणीकडे बघितलं. राणी ढगांकडे बघू लागली.

मग जोमाचे दोर सुटले. तो तिथंच वाळूत बसला. हौसाही शेजारी बसली.

सासूबाई म्हणाल्या, "बसा दोघं. आज चूल मी पेटवते."

मग ती तिघं सुखानं राहिली. आणि तुम्ही आता कुशीवर वळा, गोधडी ओढा, डोळे मिटा बघू.