थोरला शेवटी

हा दरवाजा बघा. एका वेळी एकच माणूस आत जाईल, एवढाच आहे. वसईच्या बाजूला चर्च तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, पण आमच्या केळखाडीची रीत दुसरीकडे दिसायची नाही. सणाच्या दिवशी इथे आधी कडेवरचं तान्हं आत जातं, मग त्याच्याहून मोठं, मग त्याच्याहून मोठं. म्हातारी माणसं बाहेर उन्हात ताटकळतात, आणि गावात जो सगळ्यात वडील तो सगळ्यात शेवटी शिरतो. पाहुणे आपसात कुजबुजतात, काय हे गाव, वडीलधाऱ्यांना काही मान म्हणून नाही! मान नाही होय? बसा जरा सावलीत, सांगतो.

फिरंग्यांच्या राज्यातली गोष्ट. दोम लोरेंसू नावाच्या काउंटची इथे हवेली होती, असं सांगतात. आता काउंट म्हणजे कोण? तर राजाच्या खाली ड्यूक, त्याच्या खाली मार्क्विस, मग काउंट, मग व्हायकाउंट आणि तळाला बॅरन. कोणी कोणाच्या पुढे चालायचं, कोणी कुठे बसायचं, सगळं ठरलेलं. आपल्याकडे मानपानावरून रुसवेफुगवे होतात ते लग्नापुरते. त्यांच्याकडे बाराही महिने लग्नच म्हणा ना. बापाची पदवी, जमीन, हवेली, सगळं थोरल्या मुलाला. धाकट्याच्या कमरेला तलवार बांधायची, जहाजात बसवायचं आणि लांबच्या मुलखात लढायला धाडायचं. त्यातले फार थोडे परत यायचे.

या काउंटची बायको बाळंत झाली तेव्हा सुईण म्हणून आमच्या गावची रेमेतबाय होती. जुळे मुलगे झाले, पण आई काही वाचली नाही. काउंट दाराबाहेर उभा. त्याने आपली सोन्याची साखळी आत पाठवली आणि सांगितलं, थोरल्याच्या मनगटाला बांध. रेमेतबायने ती मागाहून जन्मलेल्या बाळाला बांधली. तो आंतोन. आधी जन्मलेला तो दुआर्त.

तुम्ही हसाल, पण तिच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, जुळ्यांत मागून येतो तो थोरला. मडक्यात आधी टाकलेलं भात शेवटी हाताला लागतं, तसंच पोटात आधी आलेलं मूल शेवटी बाहेर येतं. फिरंगी उलटं मोजतात हे तिला कोण सांगणार? आणि तिला विचारायचं काउंटच्या तरी कुठे डोक्यात आलं?

तिचं स्वतःचं मूल नुकतंच गेलं होतं. दोघांना तिने अंगावर पाजलं, दोघांना वाढवलं. त्यांची आई तीच. मुलं मोठी होत गेली तशी तिच्या काळजाला एकच घोर लागला, की यातला एक जहाजावर जाणार. रोज रात्री देवाकडे तिचं एकच मागणं असायचं, माझी दोन्ही लेकरं माझ्या डोळ्यांसमोर राहू देत.

मुलांना मिसरूड फुटलं आणि राजाचा अधिकारी आला. सणाच्या दिवशी काउंटच्या मागोमाग जो या दरवाजातून आत जाईल तो वारस, आणि दुसऱ्याने त्याच दिवशी भरतीबरोबर जहाज गाठायचं, असा त्यांचा दंडक होता म्हणे. काउंट आत गेला. वारसाची खात्री करायची म्हणून अधिकाऱ्याने सुईणीला पुढे बोलावलं, क्रुसावर हात ठेवायला लावला आणि विचारलं, आधी कोण जन्मला?

रेमेतबाय भाबडेपणाने म्हणाली, दुआर्त.

मग साखळी आंतोनला कशी, असं त्याने दरडावून विचारलं. थोरला तोच आहे म्हणून, ती म्हणाली, आणि मडक्यातल्या भाताची गोष्ट तिने सांगितली. अधिकाऱ्याचा चेहरा बघून तिच्या ध्यानात आलं, इतकी वर्षं आपण काय करून बसलो ते. ती पायरीवरच खाली बसली. आपल्या हातून एका लेकराचं सगळं हिरावलं गेलं, असं तिला वाटलं. आणि आता दुसऱ्याला तिच्याच बोलण्यावरून घालवून देणार होते.

आंतोनने साखळी काढून भावाच्या हातात घातली. पण दुआर्त दारातून हलेना. थोरला तू आहेस, तू जा, म्हणाला. आंतोन म्हणाला, तू जा. आत बाप एकटा उभा, बाहेर अधिकारी संतापलेला, खाडीला भरती चढत चाललेली.

शेवटी रेमेतबाय डोळे पुसून उठली आणि आंतोनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "थोरला आहेस ना रे? मग धाकट्याला आधी जाऊ दे. पोटातून येतानाही तू तेच केलंस."

आंतोन बाजूला झाला. दुआर्त आत गेला आणि वारस ठरला. मग सैनिक गेले, गावकरी गेले, आणि सगळ्यांच्या शेवटी रेमेतबायचा हात धरून आंतोन शिरला.

प्रार्थना संपताच अधिकारी आंतोनला जहाजावर न्यायला आला. दुआर्त मध्ये उभा राहिला.

"जहाजावर धाकट्याला धाडतात ना? हा तर माझा थोरला."

"मग तू चल," अधिकारी म्हणाला.

"मी वारस. मला जाता येत नाही."

राजाचा कायदा एकाला सोडेना आणि सुईणीचा दुसऱ्याला. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. बायको गेल्यापासून काउंट कधी हसला नव्हता. तो पोट धरून हसत होता. भरती ओसरायला लागली तसं जहाज दोघांनाही न घेता गेलं, आणि रेमेतबाय देवासमोर बसून पोटभर रडली. दोन्ही लेकरं तिच्या म्हातारपणाला होती, असं सांगतात.

काउंट गेले, पदव्या गेल्या, हवेलीचा दगडसुद्धा उरला नाही. पण आजही सणाला या दारातून धाकटा आधी जातो. दोन वर्षं झाली, सगळ्यात शेवटी शिरायचा मान माझ्याकडे आलाय. ऊन लागतं, गुडघे कुरकुरतात, सूनबाई खुर्ची आणून देते. पण आत पाऊल टाकलं की बाकं भरलेली दिसतात, आणि आपलं एकही माणूस बाहेर राहिलेलं नसतं.