ठिपक्याची साक्ष

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नावाचं नगर होतं. तिथे सुबाहू राजा राज्य करत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होता.

त्याच नगरात, कुंभारवाड्याला अगदी लागून, तिष्या नावाची एक बाई राहायची. चाळिशी उलटलेली, नवरा वारलेला. घरात मुलगा पूर्ण, सून विमला आणि करडी नावाची कुत्री. पूर्णचं कापडाचं दुकान होतं. इतका मऊ बोलणारा माणूस बाजारात दुसरा नाही, असं लोक म्हणायचे.

तिष्या वाईट नव्हती, पण तिचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. गवळ्याचं दूध ती बोट बुडवून बघायची. ज्योतिषी भविष्य सांगायला लागला की त्याला आधी मागच्या वर्षीचं विचारायची. पाहुणा ‘जेवून आलोय’ म्हणाला, तर कुणाकडे जेवला ते दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन विचारून यायची. दुपारी सगळं नगर जरा लवंडायचं, तेव्हा ही शेराच्या झुडपांच्या कुंपणाशी उभी असायची. काम काहीच नाही. उभी आपली.

कुंपणापलीकडे सोमिल कुंभार आणि त्याची बायको उत्पला. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ठिपक्या नावाचा कुत्रा तेवढा होता. चाकावर घ्यायच्या आधी माती पायांनी तुडवावी लागते, आणि ते काम दोघं रोज दुपारी करत. शेर एवढा दाट होता की तिष्याला फक्त चिखलात माखलेले चार पाय दिसायचे आणि मधूनमधून उड्या मारणारा कुत्रा. ऐकू मात्र सगळं यायचं.

“अगं आई गं! सोड! सोड म्हणते ना!”

“नाही सोडत. हरलीस की नाही ते बोल!”

मग धप्पकन कुणीतरी पडायचं, आणि ठिपक्या असा भुंकायचा की झाडावरचे पोपट उडून जायचे.

तिष्याने पाच दुपारी ऐकलं. सहाव्या दिवशी पाणवठ्यावर तिने उत्पलाचा हातच धरला.

“हे कोपराला काय झालं गं?”

“काही नाही हो काकू. पडले.” आणि उत्पला हसली.

हसली! तिष्याच्या मनात पाल चुकचुकली. पडलेलं माणूस विव्हळतं, नाहीतर जमिनीला शिव्या देतं. हसायचं कशाला? घरी येऊन तिने सुनेला सांगितलं, “मार खाल्लेली बाईच अशी हसून सांगते. लिहून ठेव.”

विमला तांदूळ निवडत होती. “हो सासूबाई,” ती म्हणाली आणि सुपावरची नजर तिने काही उचलली नाही.

तिष्या तडक नगररक्षकाकडे गेली.

“काकू, गेल्या महिन्यात तुम्ही गवळ्याची तक्रार घेऊन आला होता,” तो म्हणाला.

“मग? दुधात पाणी निघालं की नाही?”

“निघालं.”

“मग चला उठा.”

पोतन नगरात एक जुनी रीत होती. घरातल्या मारहाणीचा खटला असला की शेजाऱ्याची साक्ष अर्धी धरायचे आणि दारच्या मुक्या जनावराची पुरी. ते त्या घरचं खातं, सगळं बघतं, आणि त्याला कुणी पढवून आणू शकत नाही, असं जुन्या लोकांचं म्हणणं होतं. तेव्हा गाय असो, कुत्रं असो, त्याला सभेत आणून नवराबायकोसमोर उभं करत. गुन्हा ठरला तर हात उगारणाऱ्याला तीन वर्षं राज्याच्या सीमेबाहेर काढत.

सोमिलला हात बांधून आणलं. उत्पला रडत होती आणि रडता रडता सगळ्यांवर ओरडत होती, “अहो, आम्ही खेळतो! माती तुडवून पाय भरून येतात म्हणून ढकलाढकली करतो! ज्याचा गुडघा टेकेल त्याने चूल पेटवायची!” सभेतले म्हातारे एकमेकांकडे बघून माना हलवत होते. बारा वर्षं संसार केलेली माणसं खेळतात होय?

ठिपक्याला आत आणलं. एवढे खांब, एवढी माणसं, धनी दोरीने बांधलेला, धनीण रडतेय. तो गोल गोल फिरत बेंबीच्या देठापासून भुंकला, आणि सोमिलच्या हाताची दोरी दातात धरून ओढायला लागला.

“साक्ष झाली,” राजा म्हणाला. “धन्यावर धावून गेला. अमात्य, निकाल द्या.”

बोधिसत्त्वाने विचारलं, “महाराज, कुत्रा काय म्हणाला?”

“भुंकला की!”

“भुंकला ते मीही ऐकलं. काय म्हणाला ते मला कळलं नाही.”

सभा हसली. राजाला हसू आलं नाही. त्याला झटपट निकाल आवडायचे, आणि मुख्य अमात्याची रिकामी जागा तो त्याच आठवड्यात भरणार होता. हे बोधिसत्त्वाला माहीत होतं. सभेच्या दारावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा माहीत होतं.

“तुम्हाला फार वेळ लागतो, अमात्य.”

“लागतो खरा,” बोधिसत्त्व म्हणाला. “एका माणसाचं घर मोडायचंय, महाराज. मी आधी ते घर बघून येतो.”

त्याच दुपारी तो कुंभारवाड्यात आला. मागून अर्धं नगर आलं. तिष्या सगळ्यांत पुढे होती. करडीही शेरातून वाट काढून आली आणि तिच्या पायाशी बसली. विमला मात्र कुंपणापलीकडे, आपल्या अंगणातच उभी राहिली.

“रोज करता तसं करा,” बोधिसत्त्वाने नवराबायकोला सांगितलं.

सोमिल लाजून लाल झाला. “एवढ्या लोकांसमोर?”

“कर की,” उत्पला म्हणाली. “नाहीतर तुडव माती एकटा, सीमेपलीकडे जाऊन.”

दोघं मातीत उतरले आणि वरातीतल्या म्हाताऱ्यांसारखे जपून जपून पावलं टाकायला लागले. ठिपक्याने एकदा बघितलं, हनुवटी पंजांवर ठेवली आणि सुस्कारा टाकला. तिष्याच्या शेजारची बाई पुटपुटली, “हा तर कंटाळलाय.” तिष्या म्हणाली, “नाटक आहे. तिघांचंही.”

मग उत्पलालाच तो बुजरेपणा असह्य झाला. तिने सोमिलला खांद्याने असा धक्का दिला की तो दोन पावलं घसरला. “ए!” म्हणून त्याने तिचं मनगट पकडलं, आणि दोघं लोकांना विसरले.

ठिपक्या ताडकन उठला. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, ढुंगण वर केलं, दोनदा शिंकला आणि भुंकत सुटला. दोघांच्या पायांमधून इकडून तिकडे पळाला. सोमिलने उत्पलाला वाकवलं तसं त्याने सोमिलच्या धोतराचा सोगा दातात धरला आणि मागे ओढलं.

“बघा! धरला की नाही धन्याला?” तिष्या ओरडली. “मी म्हटलं नव्हतं?”

इतक्यात उत्पलाने पायात पाय अडकवला. सोमिल पालथा पडला आणि ती त्याच्या पाठीवर बसली. ठिपक्याने धोतर सोडलं, वळसा घालून आला आणि तिचा पदर ओढायला लागला.

“आता हा कुणाच्या बाजूचा?” बोधिसत्त्वाने विचारलं.

“खाली असेल त्याच्या,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

“कुत्र्याचा काय भरवसा!” तिष्या म्हणाली.

बोधिसत्त्वाने नगररक्षकाकडे बघून मान हलवली. रक्षक खेकसत पुढे आला, उत्पलाला दंडाला धरून उठवलं आणि काठी उगारली.

ठिपक्या भुंकला नाही. त्याचं तोंड मिटलं, शेपूट जागच्या जागी थांबलं, मानेवरचे केस उभे राहिले. तो हळू चालत आला आणि काठीच्या व उत्पलाच्या मधे उभा राहिला. गळ्यातून आवाज येत होता, पण तो ऐकू येण्यापेक्षा पायाखालच्या जमिनीत जाणवत होता.

“मागे हो,” बोधिसत्त्व म्हणाला. रक्षक आनंदाने मागे झाला. बोधिसत्त्व तिथेच चिखलात बसला, कुत्र्याला आपला हात हुंगू दिला आणि म्हणाला, “चुकलो रे बाबा. पुन्हा नाही तुला असं घाबरवणार.” मग लोकांकडे वळला. “खेळात हा आरडाओरडा करतो, मधे घुसतो, शिंकतो. मलाही घ्या म्हणतो, आणि जरा बेतानं म्हणतो. खरी भीती वाटली की याचा आवाज जातो. साक्ष झाली. सोडा कुंभाराला.”

तिष्याला खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती. तिला अमात्याचाच संशय आला. कुंभाराकडून फुकट मडकी मिळत असतील का याला? ती विचारणारच होती, तेवढ्यात तिचा मुलगा पूर्ण दुकानातून आला. गर्दीच्या कडेला थांबून, नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “आई, झालं ना समाधान? विमला, घरात चल.”

करडी तिष्याच्या पायाशी आरामात जीभ काढून बसली होती. तो आवाज ऐकताच तिचं तोंड मिटलं. शेपूट पोटाखाली गेलं. अंग जमिनीला घासत ती शेरातून पलीकडे शिरली आणि पूर्णच्या व विमलाच्या मधे जाऊन उभी राहिली. ती भुंकली नाही. मानेवरचे केस उभे होते.

तिष्याने बघितलं. वर बघते तर अमात्यही तिकडेच बघत होता. बाकी सगळे सोमिलला खांद्यावर घेण्यात दंग होते.

बोधिसत्त्वाला तिथल्या तिथे ओरडून सांगता आलं असतं. लोक तयार होते, आणि असा दुहेरी निकाल ऐकून राजाही खूष झाला असता. पण कुंपणापलीकडे विमला मान खाली घालून उभी होती. तो गप्प राहिला. पूर्ण पुढे घरात गेला, गर्दी पांगली, तेव्हा बोधिसत्त्व तिष्याजवळ येऊन हलकेच म्हणाला, “तुमची कुत्री फार शांत आहे, बाई.”

या वाक्याला तिष्याचं उत्तर कित्येक वर्षांपासून तयार होतं. ‘आमच्या घरातून आवाज बाहेर येत नाही,’ हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. आताही ते ओठांवर आलं, आणि बोलण्याआधी तिने ते पहिल्यांदा स्वतः ऐकलं.

विमला आडावर दोनदा घसरली होती. एकदा चौकट लागली होती. तिष्याने तिला बजावलं होतं, जरा बघून चालत जा. ही मुद्दाम मडकी फोडते की काय, असाही तिला संशय होता. गवळ्यापासून अमात्यापर्यंत सगळ्यांवर नजर ठेवली, आणि स्वतःच्या पोराकडे बघताना मात्र डोळे मिटले.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. मुलगा राहील, दुकान राहील, म्हातारपणी पाणी द्यायला माणूस राहील. बोधिसत्त्वाने तिला घाई केली नाही.

“अमात्य,” तिष्या शेवटी म्हणाली, “माझी आणखी एक तक्रार आहे.”

“कुणावर?”

“घरातल्यावर.” ती कुंपण ओलांडून गेली आणि सुनेसमोर उभी राहिली. “सूनबाई, काय ते सांग. खोटं सांगू नकोस. मी संशयी बाई आहे, मला कळतं.”

विमलाने आधी घराच्या दाराकडे बघितलं. मग सासूकडे.

“तुम्ही कधी विचाराल असं वाटलंच नव्हतं, सासूबाई,” ती म्हणाली, आणि तिने दंडावरचा पदर बाजूला केला.

पूर्णला तीन वर्षं सीमेबाहेर काढलं. विमलाला कुठे राहायचंय ते बोधिसत्त्वाने तिलाच विचारलं. ती माहेरी गेली, आणि तिष्याने करडीला तिच्याबरोबर दिलं. मुख्य अमात्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचे निकाल दुपारच्या जेवणाआधी होत.

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात जमलेल्या सभेकडे बघून म्हणाले, “त्या वेळचे सोमिल आणि उत्पला म्हणजे विहाराला मडकी देणारं हे जोडपं. विमला म्हणजे ती मागे बसलेली भिक्षुणी सुव्रता. ठिपक्या म्हणजे आपला भिक्षू चुल्लक, जो अजूनही प्रत्येक भांडणात मधे शिरतो. आणि अमात्य मी होतो.”

“आणि तिष्या?” कुणीतरी विचारलं.

सभेतल्या चार-पाच बायकांनी एकदम पदर सावरले.

“तीही इथेच आहे,” ते म्हणाले. “तिचं नाव तिला माहीत आहे.”

या कथेतल्या गुणाला त्यांनी प्रज्ञा म्हटलं. अमात्याकडे ती आधीपासून होती. तिष्याला ती त्या एका दुपारी मिळाली, आणि फार महाग पडली.