शेवटचा काप

"मॅडम, हा संपवला तर चालेल ना?"

मिहिर तगारेने मेणाचा एक छोटा ठोकळा टेबलावर ठेवला. लॅबमध्ये त्याला ब्लॉक म्हणतात. एका पेशंटच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या जठराचा तुकडा त्यात वर्षभर जपून ठेवलेला होता.

लॅबच्या प्रमुख डॉ. खर्डेकरांनी ब्लॉक उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मेणात मसुरीच्या टरफलाएवढं काहीतरी उरलं होतं.

"संपवायचा कशाला?"

"मायक्रोआरएनएसाठी. पेशीतले अगदी चिमुकले रेणू असतात ते. नमुना टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये लांब रेणू तुटतात, हे मात्र टिकतात. त्यांच्यावरून जठराच्या कॅन्सरचा पेशंट किती काळ काढेल, ते सांगता येतं."

आपण हे कुणाला समजावून सांगतोय, याचं त्याला भान नव्हतं. मिहिर हुशार होता, आणि ते विसरणं त्याला जमत नसे.

"हे पेशंट कोण?"

"आप्पासाहेब मगदूम. यांच्यात त्या रेणूंचा आकडा खूप चढा आला. म्हणजे वर्ष, फार तर दीड वर्ष. आणि तसंच झालं, मॅडम! गणित अगदी बरोबर आलं."

त्याचा चेहरा फुलला होता. गणित सुटल्याचा आनंद होता तो, पण ऐकायला बरं वाटेना.

"पुन्हा एकदा तपासून पक्कं करायचंय," तो म्हणाला. "फक्त, मग ब्लॉकमध्ये काही उरणार नाही."

"नियम काय आहे आपला?"

"थोडं पेशंटसाठी ठेवायचं. रोग उलटला तर औषध ठरवायला लागतं."

"मग?"

"पण मॅडम, पेशंटच गेले ना."

"कोण म्हणालं?"

"मी स्वतः फोन केला होता. केसपेपरवर शेजारच्या दुकानाचा नंबर होता. दुकानदार म्हणाला, आप्पा गेले. मी म्हटलं, फार वाईट झालं, आणि ठेवला."

"कुठे?"

"फोन?"

"आप्पा."

"मॅडम, गेले म्हणजे..."

खर्डेकरांनी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

मिहिरने नंबर लावला. दुकानदाराचा आवाज असा खणखणीत, की खोलीभर ऐकू येत होता.

"मी हॉस्पिटलमधून बोलतोय. मागे तुम्ही म्हणालात, आप्पासाहेब मगदूम गेले. ते... कुठे गेले?"

"लेकीकडं गेलते की, जयसिंगपूरला! वाईट झालं म्हणून फोन ठेवला, ते तुम्हीच काय? लेकीकडं जाण्यात काय वाईट हाय ओ?"

मिहिरचे कान लाल झाले.

"आता कुठे आहेत?"

"हे काय, हितंच बाकड्यावर बसलेत. आप्पा! दवाखान्यातनं फोन आलाय!"

पलीकडे चपलांचा आवाज जवळ येऊ लागला. मिहिरने ब्लॉककडे पाहिलं. सकाळी तो कापायला घेतलाच होता त्याने. यंत्राचं पातं बोथट निघालं म्हणून राहिला. मॅडमना विचारायला आला, तो केवळ रीत म्हणून. आता त्याला ते आठवून धडकी भरली.

"बोला डॉक्टर," एक थकलेला आवाज आला. "परत काय निघालं का माझ्या पोटात?"

आवाज घाबरलेला होता.

मिहिरने फोनवर हात ठेवला. जो आकडा त्याला पाठ होता, तो या माणसाला सांगण्याजोगा नव्हता. खरा होता की नाही, तेही आता कळत नव्हतं.

खर्डेकरांनी हातातला ब्लॉक त्याला दाखवला, आणि तो ड्रॉवरमध्ये जागच्या जागी ठेवून दिला.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "यांना काय सांगू?"

"सांगू नकोस काही. जेवलात का, विचार."