भांडण सोडवणारे हात

खाडीच्या काठी एक गाव होते. त्या गावात जोमा नावाचा एक आगरी मीठ पिकवून पोट भरत असे. माणूस कष्टाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. कोणी वावगे बोलले की जोमाच्या मुठी आधी वळत, विचार मागून येई. गावाला त्याचे कौतुकच होते. खोताच्या माणसांनी एकदा मिठागराचा बांध फोडायला घेतला, तेव्हा एकट्या जोमाने फावडे उगारून त्यांना चिखलातून पळवून लावले होते. तेव्हापासून त्याला वाटू लागले, की आपला राग म्हणजेच आपले बळ.

पण खोत गप्प बसणारा नव्हता. त्याने राजाकडे फिर्याद केली, की मिठागरे माझी आहेत आणि आगऱ्यांनी ती बळकावली आहेत. राजाचा निरोप गावात आला: "मिठागरे तुमची असतील, तर सनद घेऊन पाडव्याच्या दरबारात हजर व्हा. सनद नसेल, तर मिठागरे खोताची."

सनद होती. जोमाच्या आजोबांच्या काळी गावाने भरतीच्या पाण्याशी झगडून बांध घातले होते, तेव्हा जुन्या राजाने ती दिली होती. ती राजधानीला न्यायची कोणी? सगळ्यांनी जोमाकडे बोट दाखवले. घरटी वर्गणी काढून वाटखर्च जमवला. सोबतीला चांगुणाकाकी निघाली. काकीची लेक राजधानीत दिली होती, आणि काकीचे डोके थंड होते.

निघताना काकी म्हणाली, "जोमा, पैसे आणि सनद एका जागी ठेवू नको रे. एक गेलं तर दुसरं तरी राहील." तिने सनद मेणकापडात गुंडाळली आणि जोमाच्या बंडीच्या आत, छातीशी, शिवून टाकली. पैशांचा कसा, म्हणजे लांबट थैली, जोमाने दोरीने कमरेला बांधला.

"माझ्या अंगाला हात लावायची कोणाची छाती आहे?" तो हसून म्हणाला.

वाटेत मोठी नदी लागली. उतारावर नावेसाठी झुंबड उडाली होती. त्या गर्दीत तांबडे मुंडासे बांधलेल्या एका माणसाने जोमाच्या पायावर पाय दिला आणि वर तोच ओरडला, "पाय आवर की खारटा! मिठात राहून अक्कलपण खारवली वाटतं?"

झाले. जोमाने दोन्ही हातांनी त्याची मानगूट धरली. भोवती माणसे गोळा झाली. "जाऊ द्या हो पाहुणे!" "सोडा, भले माणसा, सोडा!" एकाने जोमाचा दंड ओढला. दुसऱ्याने मागून कमरेला मिठी मारली. जोमा जितका उसळे, तितकी ती मिठी घट्ट होई. मग एकाएकी तांबड्या मुंडाशाने हात जोडले, "चुकलो दादा!" आणि तो गर्दीत दिसेनासा झाला.

जोमा मिशीवर हात फिरवत नावेत चढला. "पाहिलंस काकी? कसा गयावया करत होता!"

नाव मधल्या धारेला लागली, तेव्हा त्याचा हात सहज कमरेकडे गेला. कसा नव्हता. कापलेल्या दोरीची दोन टोके तेवढी लोंबत होती.

जोमाच्या डोळ्यांपुढे लाल अंधार आला. शेजारी एक म्हातारा कासार बांगड्यांचा हारा मांडीवर घेऊन बसला होता. उतारावरही तो जवळच उभा होता. एवढे कारण जोमाला पुरले. त्याने कासाराच्या थोबाडीत दिली आणि हारा उपडा केला. बांगड्या खळाखळा फुटल्या. काही नदीत गेल्या. हाऱ्याच्या तळाशी कसा नव्हता. भाकरीची एक पुरचुंडी होती.

काकीने दंडातली चांदीची वाकी काढली आणि कासाराच्या हातावर ठेवली. त्याने ओठाचे रक्त पुसले आणि वाकी घेतली.

"बाई, काचेची किंमत भरलीत," तो म्हणाला. "थोबाडीत बसली, तिची कोण भरणार?"

पैलतीरी उतरून तो निघून गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही. जोमाला हाक मारायची होती, पण कोणत्या तोंडाने मारणार?

पुढची वाट त्यांनी उपाशीपोटी तुडवली. काकी एक अक्षर बोलेना. शिव्या दिल्या असत्या तर जोमाला बरे वाटले असते. शेवटी तोच म्हणाला, "काकी, त्या शिवी देणाऱ्याचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते. मग कसा कापला कोणी?"

"कमरेला मिठी कोणी मारली होती?"

जोमा जागीच थांबला. "सोडवणाऱ्यानं."

"झालं तर मग," काकी म्हणाली. "तुझे हात कमरेवरून हलल्याशिवाय त्यांची सुरी चालणार नव्हती. ते हात तुझ्या रागानं हलवले. आणि त्या गरिबाला मारलंस, तेव्हा तर तूच त्यांच्यातला झालास."

जोमाने मान खाली घातली. राग मात्र गेला नाही. तो आत धुमसत राहिला. आता त्यातला अर्धा राग स्वतःवरच होता.

पाडव्याच्या सकाळी ते राजधानीच्या वेशीशी पोचले. आत जाणाऱ्यांची दाटी होती. वेशीतच हवालदाराची चौकी होती आणि हवालदार पान चघळत बसला होता. काकीने जोमाचा दंड दाबला. समोरून तेच तांबडे मुंडासे येत होते. नदीवर मिठी मारणाऱ्याचा हात छातीकडेही गेला होता आणि त्याला बंडीतला कागद लागला होता, आणि शहरात कागदालाही गिऱ्हाईक असते.

या खेपेला त्या माणसाने जोमाला हात लावला नाही. त्याने काकीला धक्का दिला. म्हातारी चिखलात पडली. तो खदखदून हसला. "उचल की रे तुझ्या थेरडीला!"

जोमाच्या कपाळाची शीर तटतटली. एक पाऊल पुढे गेलेसुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला, "जाऊ द्या हो पाहुणे! भांडू नका!"

भांडण सुरूच झाले नव्हते, आणि सोडवणारे आले होते.

जोमाने दोन्ही हात छातीवर आवळून धरले. नखे दंडात रुतली. तांबडे मुंडासे तोंडाशी आले. "नामर्दा, बाई पडली तरी बघत राहतोस?" ते त्याच्या तोंडावर थुंकले. जोमाने थुंकी पुसली नाही. पुसायची तर हात सोडावा लागला असता.

तो हवालदाराकडे वळून ओरडला, "हवालदारसाहेब, हे चोर आहेत. धरा यांना!"

हवालदाराने पिंक टाकली आणि पाठ फिरवली.

काकी आपली आपण उठली. जोमाने तिला आधाराला कोपर दिले, हात नाही. "चल," ती म्हणाली. मागून आई-बहिणीवरून शिव्या येत होत्या. तो चालत राहिला. मिठागरात भर उन्हात ओले मीठ ओढतानाही त्याला इतके जड गेले नव्हते.

दरबारात खोत हसत उभा होता. "सनद दाखव म्हणावं, असेल तर."

जोमाने बंडीची शिवण उसवली आणि सनद राजापुढे ठेवली. राजाने ती दोनदा वाचली, मोहोर पाहिली आणि निवाडा दिला: मिठागरे गावाची. खोताचे तोंड काळेठिक्कर पडले.

राजा म्हणाला, "तुझ्या मनासारखं झालं ना? मग डोळे असे पेटलेले का?"

तेव्हा जोमा बोलला. त्याचा आवाज दरबाराच्या खांबांवर आदळला. "महाराज, न्याय तुमच्याकडे आहे, पण न्यायाच्या वाटेवर चोर बसलेत! माझा कसा त्यांनी कापला. ही सनद लांबवायला ते तुमच्या वेशीत उभे होते, आणि तुमचा हवालदार त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. मी पोचलो. किती जण पोचले नाहीत, हे कधी विचारलंत? ज्याचा कागद वाटेत चोरीला जातो, त्याला तुम्ही इथं बसून खोटा ठरवता!"

प्रधान पुढे सरसावला, "तोंड सांभाळ!" राजाने त्याला हाताने थांबवले. राजाचाही चेहरा लाल झाला होता. तो उठला आणि पायीच वेशीकडे निघाला.

चौकीच्या आतल्या खोलीत तांबडे मुंडासे आणि त्याचे दोघे साथीदार हवालदाराबरोबर जेवायला बसले होते. त्यांच्यामागे एक पेटारा होता. राजाने तो उघडायला लावला. पैसा चोरांनी केव्हाच उडवला होता. कागद मात्र जपून ठेवले होते. त्यात शेतांच्या सनदा होत्या, विहिरींचे करार होते, कर्ज फिटल्याच्या पावत्या होत्या. ज्यांना असे कागद नाहीसे झालेले हवे होते, ते येऊन दाम मोजून घेऊन जात.

चोर आणि हवालदार यांच्या हातात बेड्या पडल्या. राजाने पेटारा वेशीबाहेर मांडला आणि एकेका कागदावरचे नाव मोठ्याने पुकारायला लावले. दवंडी गावोगाव गेली. एक बाई धावत आली आणि सासऱ्याच्या शेताची सनद उराशी धरून मटकन खाली बसली. ते शेत कधीच दुसऱ्याच्या नावावर झाले होते. राजाने तो निवाडा तिथेच फिरवला. पण पुष्कळ नावांना ओ द्यायला आता कोणी उरलेच नव्हते. नाव पुकारले जाई, वेस गप्प राही, आणि कागद पुन्हा पेटाऱ्यात जाई.

जोमा ते ऐकत मुठी आवळून उभा राहिला. त्याला शांत हो म्हणायला कोणी पुढे आले नाही. काकीसुद्धा नाही.

तात्पर्य: वाटेवर पैसा आणि कागद जपायचे असतील, तर आधी आपला राग जपावा. जो राग रस्त्यात उधळतो, त्याचे हात दुसऱ्याच्या गळ्यावर आणि कंबर चोराच्या ताब्यात असते. पण जो राग राखून ठेवतो, त्याने तो न्यायाच्या दारी खर्च करायला मुळीच कचरू नये.